एका थेंबाचे अण्णा

अण्णांनी आयुष्यात एकच वस्तू हात आखडून वापरली, ती म्हणजे तेल. भाजीतलं नव्हे, भाजीवर तवंग दिसला नाही तर ते ताट तसंच पुढं सरकवतात. चहातली साखर, फुकटचा सल्ला आणि शेजाऱ्याच्या दारात पडलेला पेपर यांच्या बाबतीतही त्यांचा हात सढळच. तो आखडतो फक्त बुलेटच्या ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटपाशी. तिथं एक थेंब. दुसरा मागितलात तर अण्णा चष्मा काढून विचारतात, "तुम्ही कुणाचे?"

जुन्या गाडीचा असा जाणकार प्रत्येक बाजारगावात एखादा तरी असतो. आपण मेकॅनिक नाही, हे तो आधीच सांगून टाकतो. मेकॅनिक पैसे घेतो आणि गाडी चालू करून देतो. जाणकार पैशाला शिवत नाही, पण गाडी का बंद पडली हे तुम्हाला पटेपर्यंत ती चालूही होऊ देत नाही. आमच्या लासलगावात या खात्याचा कारभार अण्णांच्या ओट्यावरून चालतो. ओट्यावर एक सतरंजी, एक तांब्या, आणि खाली गोणपाटाखाली झाकलेली बुलेट.

अण्णा बाजार समितीत मापारी होते. समिती १९४७ सालची. अण्णा तिच्याहून थोडे धाकटे, पण तिच्याविषयी बोलतात थोरलेपणानं. आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ, असं लासलगावचं नाव पेपरात आलं की त्या मोठेपणातला थोडा वाटा ते स्वतःकडं काढून ठेवतात. सगळी हयात काट्यापुढं गेली. कडता किती कापला यावरून शेतकरी आणि व्यापारी एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले त्यांनी रोज पाहिले. त्यातून त्यांची एक समजूत पक्की झाली की जगात जो काही बिघाड होतो, तो माप चुकल्यामुळं होतो. निवृत्त झाल्यावर एवढी तयार समजूत वापरायची कुठं, हा प्रश्न आला. घरात वापरायला काकूंनी साफ नकार दिला. मग ती सगळीच्या सगळी बुलेटवर आली.

बुलेट साडेतीनशे. देवळाली कॅम्पातल्या लष्करी लिलावातून आलेली, असं ते सांगतात. लिलावात हयात गेलेल्या माणसानं गाडीही लिलावातलीच घ्यावी हे रास्तच. पण तिच्या कागदांवर आजवर इतक्या मालकांची नावं चढली आहेत की पहिला मालक लष्कर होतं की एखादा दूधवाला, हे आता छातीठोक सांगता यायचं नाही. अण्णा मात्र लष्कराचा मुद्दा सोडत नाहीत. सरहद्दीवरच्या गस्तीसाठी सरकारनं बुलेटची मागणी नोंदवली आणि त्यातून १९५५ साली मद्रासला ही गाडी जोडायला सुरुवात झाली, हा इतिहास ते अशा थाटात सांगतात की त्या वेळी गाड्या मोजून घ्यायला हेच उभे होते असं वाटावं.

हत्यारांचा डबा बिस्किटांचा आहे. त्यात एक पेचकस, दोन पान्हे, दोऱ्यानं बांधलेली दाढीची चार जुनी ब्लेडं, एक कोरं पोस्टकार्ड, कात्रीनं कापलेले फेल्टचे तुकडे, होमिओपॅथीच्या बाटलीत भरलेलं इंजिन ऑइल आणि लोकर विणायची एक सुई. सुई काकूंच्या जोडीतली. त्यामुळं एका स्वेटरचा डावा हात कोपरापर्यंत येऊन थांबला, तो अजून तिथंच आहे. अण्णांचं म्हणणं असं, की या सुईच्या टोकाला जेवढं तेल धरतं तेवढा अचूक थेंब कंपनीलासुद्धा काढता यायचा नाही. काकूंचं म्हणणं असं, की स्वेटरही कंपनीला जमला नसता इतका चांगला चालला होता.

ब्लेडांचा हिशेब मात्र बिनतोड आहे. एका ब्लेडाची जाडी ०.१ मिलिमीटर. बुलेटच्या पॉइंटमधलं अंतर हवं ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. चार ब्लेडं एकत्र आत सरकली आणि थोडी रेंगाळत बाहेर आली की अंतर बरोबर. डब्यात फिलर गेजही आहे, चांगलं पानापानांचं, पण ते पाहुण्यांना दाखवायला.

टायमिंग बघायला इतर लोक सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद वापरतात. अण्णा माळकरी. सिगारेटचं पाकीट त्यांच्या उंबऱ्याच्या आत येणं शक्य नाही. त्यांनी कांद्याचा पापुद्रा धरला. उन्हाळ कांद्याचा, आणि सगळ्यात वरचा नव्हे, त्याला माती असते. त्याच्या आतला, वाळलेला, उजेडात धरला तर पलीकडचं दिसेल असा. प्लग काढायचा, गाडी टॉप गिअरला टाकायची, मागचं चाक हातानं हळूहळू फिरवायचं आणि पॉइंटच्या दोन तोंडांत धरलेला पापुद्रा अगदी हलका ओढत राहायचं. ज्या क्षणी तो सुटून हातात येतो, त्या क्षणी पॉइंट उघडले. ठिणगीची वेळ तीच. लाल कांद्याचा पापुद्रा या कामाला चालत नाही. का, ते विचारू नये, दुपार जाते.

मुख्य विधी अमावस्येला. अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची इकडं जुनी रीत होती. बाजार बंद, मापाऱ्याला सुट्टी, म्हणून अण्णांनी ती तिथी पॉइंटला लावून दिली. पुढं बाजार समितीनं अमावस्येलाही लिलाव सुरू केले. अण्णांनी तिथी बदलली नाही. उलट, आता त्या दिवशी येणारा शेतकरी माल विकून जाताना ओट्याशी थांबतो, त्यामुळं श्रोते वाढले.

गोणपाट निघतं. सिलिंडरच्या मागं, उजव्या अंगाला, एक गोल डबी आहे. तिचं झाकण काढून अण्णा ते उलटं, धोतराच्या सोग्यावर ठेवतात. आत एवढासा संसार असतो. मधोमध फिरणारा कॅम. त्याला टेकलेली पॉइंटची फायबरची टाच. शेजारी कंडेन्सर. आणि कॅमला अंग घासत बसलेला फेल्टचा नखाएवढा तुकडा. कॅमचा उंचवटा आला की टाच उचलली जाते, पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह तटकन तुटतो आणि तिकडं प्लगमध्ये हजारो व्होल्टची ठिणगी उडते. सगळी बुलेट, तिचा तो दणदणाट, मिरवणुकीतला रुबाब, शेवटी या फायबरच्या तुकड्याच्या उठबशीवर चालतो. हे सांगताना अण्णांचा आवाज खाली येतो. मग ते समोरच्यातला कोणीतरी तरुण निवडतात.

"इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारतं ना, तव्हा हा कॅम दीड हजार मारतो. म्हणजे सेकंदाला पंचवीस बार ही टाच वर-खाली. इथून नाशिकला जाईस्तोवर लाखाच्या वर उठाबशा. तू काढल्या एवढ्या, तर तुला तेल लागंल का नही?"

"लागंल, अण्णा."

"किती?"

इथं बहुतेक जण फसतात. कोणी चमचा म्हणतो, कोणी थोडंसं म्हणतो. 'थोडंसं' या मापाचा अण्णांना विशेष राग आहे. चाळीस वर्षं काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसापुढं 'थोडंसं' म्हणणं बरं नव्हे. मग ते सुई बाटलीत बुडवतात, बाहेर काढतात, बाटलीच्या काठाला पुसतात, उन्हाकडं धरतात आणि फेल्टला टेकवतात. तेल फेल्टमध्ये शिरतं. सगळे वाकून बघतात. दिसत काहीच नाही. अण्णा मान वर करतात आणि आजूबाजूला बघतात, तेव्हा काहीतरी बोलणं भाग असतं.

थेंब एक म्हणजे जागेगणिक एक, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी माझ्या नावानं गाडी बिघडवून घेईल. फेल्टला एक. पॉइंटची पट्टी ज्या खिळ्यावर हलते त्या खिळ्याला सुईचं नुसतं टोक. कॅमच्या मधल्या स्क्रूखाली एक, तो आतल्या वजनांसाठी. कॅमवर टाचेच्या मागं ग्रीस लावायचं तर त्याचा फक्त वास लागला पाहिजे, हा त्यांचा शब्द. कंडेन्सरला तेल द्यायचं नसतं. एका हौशी गृहस्थांनी ते दिलं होतं. अण्णा त्यांच्याकडं आजही लग्नाचं आमंत्रण आलं तर फक्त आहेर पाठवतात.

कमी तेलानं काय होतं ते समजायला सोपं आहे. टाच कोरडी घासते, झिजते, पॉइंटमधलं अंतर मिटत जातं, ठिणगी उशिरा पडायला लागते. गाडी ओढत नाही, तापते, चढाला रडते. मालक कार्बोरेटर खोलतो, टाकी धुतो, मेकॅनिक बदलतो. जास्त तेलाचं दुखणं याहून लबाड. जास्तीचं तेल फिरत्या कॅमवरून उडतं आणि नेमकं पॉइंटच्या तोंडावर बसतं. तिथं ते जळतं, काळी पुटं धरतात, आणि गाडी चालू असते तीही आचके देत. तेल घालणाऱ्याला वाटतं, आपण तर काळजी घेतली. अण्णांच्या मते जगातली अर्धी नुकसानी अशा काळजीवाहू माणसांनी केली आहे.

याचं उदाहरण गावात जिवंत आहे. एका द्राक्षबागायतदाराच्या मुलानं हौसेनं जुनी बुलेट घेतली. वडिलांच्या फवारणी पंपाच्या सामानात लांब नळीची तेलाची कुप्पी होती. चांदवडला मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा गाडी रस्त्यात दगा देऊ नये म्हणून मुलानं आदल्या रात्री पॉइंटची डबी उघडून आत चांगली धार सोडली. वर ग्रीसचं बोट फिरवलं. जाताना गाडी सुरळीत गेली. कांदेपोहे झाले, मुलीला प्रश्न विचारून झाले, मुलाला कोणी काही विचारलं नाही कारण बुलेट दारात उभी होती आणि तीच पुरेशी बोलत होती. निघताना तिनं बोलणं बंद केलं. मुलानं किक मारली. मामानं मारली. मुलीच्या भावानं मारली. सायलेन्सरमधून एक फटाका निघाला आणि गोठ्यातली गाय दावं तोडून गेली. शेवटी होणारे सासरे स्वतः धोतर खोचून मागून ढकलायला लागले, आणि ज्या घरी मान घ्यायला गेलो त्या घराला आपण गाडी ढकलायला लावली, हे लक्षात आल्यावर मुलाच्या वडिलांनी तिथल्या तिथं देण्याघेण्याच्या सगळ्या अटी सोडल्या.

गाडी पिकअपमध्ये, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर आडवी पडून लासलगावला आली. अण्णांनी झाकण काढलं. आत बघून ते बराच वेळ बोलले नाहीत. हे असं क्वचित घडतं. मग म्हणाले, "हे पॉइंट हाये का भज्याची कढई?" पेट्रोलचा बोळा, मग झिरो पेपरचा अगदी हलका हात, मग पोस्टकार्डाची पट्टी पॉइंटच्या तोंडांतून दोनदा ओढली, म्हणजे पेपरचा भुगा राहायला नको. फेल्ट पिळून काढला तर त्यातून वाटीभर निघालं असं अण्णा सांगतात. मी तिथं होतो. वाटी नव्हती, पण निघालं बरंच. दुसऱ्या किकला गाडी लागली. लग्न झालं. वधूपक्ष अजून म्हणतो, गाडी बिघडली ते बरं झालं.

हिवाळ्यात अण्णांचा भाव वधारतो. थंडी पडली की राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून निफाडचं नाव पेपरात येतं, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापला जातो, आणि तालुक्यातल्या सगळ्या जुन्या गाड्या तो आकडा वाचून बसतात. सकाळी पंचवटी एक्स्प्रेस गाठायला निघालेली माणसं किकवर किक मारत असतात. अण्णा मफलर गुंडाळून ओट्यावर येतात आणि आपल्या गाडीवरून गोणपाट काढतात. कुठं जायचं नसतं. दाखवायचं असतं.

चावी फिरवली. हेडलाइटच्या वर बसवलेल्या अँपिअर मीटरचा काटा एका बाजूला पडला. किक हळूहळू दाबत आणली. काटा मधे आला, म्हणजे पॉइंट उघडले. मग डीकॉम्प्रेशनची कडी दाबून किक आणखी बोटभर पुढं, कडी सोडली, किक वर येऊ दिली, आणि एकच दणका. धग्... धग्... धग्. अण्णा काट्याकडं बघतात, गिऱ्हाइकाच्या काट्याकडं बघायचे त्याच चेहऱ्यानं. गल्लीतले किक मारणारे थांबतात. अण्णा मिनिटभर गाडी चालू ठेवतात, बंद करतात, गोणपाट घालतात आणि आत चहाला जातात. पंचवटी त्या दिवशी दोघातिघांची चुकलेली असते.

या सोहळ्यातला एक भाग अण्णा सांगत नाहीत, तो काकू सांगतात. कॅमच्या आत दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा असतात. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. गाडी थांबली की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. खिळे कोरडे पडून वजनं बाहेरच अडकली तर किक मारताना ठिणगी वेळेआधी पडते, इंजिन उलटं येतं आणि किक माणसाला मारते. एका वर्षी अण्णांनी फेल्टला थेंब दिला आणि मधल्या स्क्रूखालचा राहिला. त्या वर्षी ते सहा आठवडे पायाला प्लॅस्टर घालून ओट्यावर बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला ते संधिवात सांगत. काकू चहा घेऊन यायच्या आणि सांगायच्या, "संधिवातानंच लाथ मारली यांना." तेव्हापासून त्या मधल्या थेंबाला अण्णा दोनदा नमस्कार करतात.

मापाचा हा आग्रह एकदा पॉइंटवरून सुटला की कुठंही जातो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प आहे. तिथं कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांची मात्रा देतात. अण्णांना अणुशक्तीचं कौतुक नाही, मात्रेचं आहे. "कमी दिली तर मोड येतो, जास्त दिली तर कांदा जातो. शास्त्रज्ञ लोकांना कळतं. आपल्या पोरांच्या हातात कुप्पी दिली की धार!" तिथून गाडी दिल्लीला जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती शुल्कासकट उघडली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. शेतकरी या तारखा छातीवर हात ठेवून सांगतात. अण्णा त्या पेचकस हातात धरून सांगतात. "आधी कोरडं चालवलं, मग धार सोडली, मग पुसलं, मग परत कोरडं. पॉइंट काळे होणार नहीत तर काय होईल?" यावर शेतकरी मान डोलावतात. त्यांना पॉइंटचं काही समजलेलं नसतं, पण काळं झालेलं समजतं.

पॉइंटच्या या विद्येचा मूळ पुरुष अमेरिकेतला चार्ल्स केटरिंग. त्यानं १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ठिणगी बसवली. हे अण्णांना कोणा फौजीनं सांगितलं आणि त्यांनी ते सांभाळून ठेवलं. एकदा भर ओट्यावर ते म्हणाले, "केटरिंगवाला मोठा माणूस." एका हमालानं तत्परतेनं विचारलं, "येवल्याचा का? ताटामागं किती घेतो?" त्या दिवशी अण्णांनी डबा लवकर बंद केला.

आता नव्या बुलेटला पॉइंट नसतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, झिजायला टाच नाही, घासायला कॅम नाही, तेल प्यायला फेल्ट नाही. एक बंद काळी डबी असते, ती चालते तोवर चालते आणि गेली की बदलायची. एक कॉलेजचा मुलगा नवीकोरी गाडी घेऊन मोठ्या भक्तीनं आला आणि म्हणाला, "अण्णा, माझ्यापण पॉइंटला एक थेंब टाका." अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात बातमी दिली. मुलाला वाटलं, गाडीत काहीतरी मोठा दोष निघाला. त्यानं तिथूनच वडिलांना फोन लावला.

पुण्याच्या भाच्यानं मागं एक इलेक्ट्रॉनिक किट आणून दिलं होतं. जुन्या बुलेटला बसतं, पॉइंट कायमचे सुटतात, मामाला अमावस्येला उकिडवं बसायला नको. भाच्याचा हेतू चांगला होता. अण्णांनी ते किट दोन दिवस उशाशी ठेवलं, तिसऱ्या दिवशी आतला माल कागदात गुंडाळून फडताळात टाकला आणि मोकळ्या खोक्यात फेल्टचे तुकडे भरले. "खोकं मजबूत दिलंय," एवढंच त्यांनी भाच्याला कळवलं. भाचा अजून समजतो, किट बसवलं आणि मामा समाधानी आहेत.

भाच्याचं चुकत नाही, असं माझं मत. पॉइंट हे खरं तर रोज दुरुस्त करत राहायचं यंत्र आहे, आणि जगानं त्यातून अंग काढून घेतलं ते योग्यच केलं. गाडी ही जाण्यासाठी असते. पण अण्णांची बुलेट मुळात कुठं जातच नाही. महिन्यातून एकदा विंचूरपर्यंत, चाळीसच्या वेगानं, वाटेत दोनदा थांबून इंजिनाला हात लावून. एवढ्या प्रवासाला महिनाभराची निगा हा हिशेब कुठल्याही काट्यावर बसायचा नाही. असा जाणकार प्रवासाला म्हणून गाडी ठेवतच नाही. त्याला हवी असते एक जागा, जिथं आपला शब्द अखेरचा असतो. ती जागा नखाएवढी असली तरी चालते. घरी ती मिळत नाही, कारण घराचं दार काकूंच्या ताब्यात आहे.

आणि त्या दाराविषयी सांगायचं राहिलंच. अण्णांच्या घराचं पुढचं दार उघडताना जो आवाज करतं, तो पार स्टेशनापर्यंत पोचत असावा. बिजागऱ्या गंजून लाल झाल्या आहेत. पाहुणा आला की काकू मुद्दाम दार पूर्ण उघडतात, पूर्ण लावतात आणि परत उघडतात. "यांचा थेंब फक्त बुलेटला," त्या म्हणतात. "माझ्या बिजागरीचा कोटा दिल्लीवरून यायचाय." अण्णांचं यावर उत्तर तयार आहे. बिजागरीला किती तेल लागतं याचं माप कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही, आणि मापाशिवाय ते तेलाला हात लावत नाहीत. हा वाद चालू असताना दार वाऱ्यानं हलतं आणि दोघांनाही थांबावं लागतं, कारण काही ऐकू येत नाही.

तुमच्याकडं पॉइंटवाली जुनी गाडी असेल आणि कांदा घेऊन लासलगावला यायचा योग असेल, तर माल विकून झाल्यावर या. हातात दोन-तीन तास ठेवा. तेलाची बाटली बरोबर आणू नका, अपमान होईल. उन्हाळ कांद्याचा एखादा चांगला पापुद्रा आणलात तर चहा मिळेल. अण्णा "किती?" असं विचारतील तेव्हा सांगायचं उत्तर तुम्हाला आता माहीत आहे. आणि दारातून आत जाताना आवाज झाला तर झाला नाही असं दाखवा, नाहीतर काकू तुमच्याच हातात बाटली देतील आणि त्या घरात दोन्ही पक्षांकडून बोलणी खाल.